जॉली बॉय: अर्धं वर्ष बंद असणारं बेट

अंदमानला जायचं ठरलं की आपल्याकडच्या लोकांची यादी साधारण ठरलेली असते, सेल्युलर जेल, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो, मग क्रूझने हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तिथला राधानगर बीच, जमलं तर नील बेट, आणि परतीचं विमान. सेल्युलर जेलबद्दल मी काही लिहीत नाही, मराठी माणूस तिथे गेला की त्या कोठडीसमोर त्याला बोलायला काही सुचत नाही, ते ज्याचं त्याने जाऊन बघावं. पण या यादीत वंडूरची सकाळ, म्हणजे तिथल्या जेटीवरून बोटीने जॉली बॉय बेटावर जाणं, बहुतेक वेळा नसतेच. परमिट काढा, लवकर उठा, प्लास्टिक घेऊ नका, सोमवारी बंद, अशी भानगड असते म्हणून लोक टाळतात. मला मात्र पूर्ण ट्रिपमधलं सगळ्यात मोठं काही मिळालं असेल तर ते त्या सकाळी, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजय पुरम, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात) तिथून वंडूर साधारण तीस किलोमीटर. आम्ही तिघं होतो, मी, आई आणि माझा सातवीतला भाचा. अंदमानात घड्याळ आपलंच, पण सूर्य मात्र थेट पूर्वेचा, त्यामुळे पहाटे फार लवकर लख्ख उजाडतं आणि हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचला अंधार, म्हणजे लवकर उठायचा त्रास मुळीच होत नाही, आई तर त्याआधीच आंघोळ करून तयार होती. रस्त्यात सुपारीच्या बागा, नारळ, लाल कौलांऐवजी पत्र्याची घरं, अधूनमधून कोकणच वाटतं आणि मग एकदम पाण्यात बुडालेली शेतजमीन दिसते. ही सगळी २००४ च्या त्सुनामीची खूण. २६ डिसेंबरच्या त्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन साधारण एक मीटरने खाली बसली आणि खारं पाणी जे आत आलं ते कित्येक ठिकाणी परत गेलंच नाही. वंडूरच्या किनाऱ्यावर अजूनही मोठमोठ्या झाडांचे राखाडी सांगाडे उभे आहेत, आडवे पडलेत. आणि उत्तर अंदमानात बरोबर उलटं झालं, तिथे जमीन वर उचलली गेली आणि पाण्याखालची कोरल, म्हणजे पोवळी, उघडी पडून उन्हात मेली. एकाच भूकंपाने एकीकडे भात बुडवला आणि दुसरीकडे पोवळी वाळवली, हे मला ड्रायव्हरने गाडी थांबवून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं.

वंडूरच्या जेटीवर वनखात्याचं चेकिंग असतं. तिथे बॅगा उघडायला लावतात. वेफर्सची पाकिटं, प्लास्टिकच्या पिशव्या, रॅपर असलेली बिस्किटं सगळं बाहेर. पाण्याच्या बाटल्या मोजून लिहून घेतात, डिपॉझिट घेतात, आणि परत येताना बाटली दाखवली की डिपॉझिट परत. आमच्या पुढे एका मोठ्या ग्रुपची यावरून चांगलीच वादावादी चालली होती, की आम्ही कचरा टाकत नाही, आमच्यावर विश्वास नाही का वगैरे. तो वनखात्याचा माणूस शांतपणे एकेक पाकीट काढून बाजूला ठेवत होता, आवाज चढवला नाही की मागे हटला नाही. आई मला हळूच म्हणाली, "हा माणूस आपल्या सिंहगडावर पाठवायला पाहिजे." मला ते इतकं पटलं ना.

आता जॉली बॉय ज्या पार्कमध्ये येतं ते पार्क म्हणजे काय ते थोडं सांगते. पूर्ण नाव महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क, १९८३ साली जाहीर झालं, कच्छच्या आखातातल्या पार्कनंतर लगेच वर्षभराने. एकूण २८१.५ चौरस किलोमीटर, त्यात पंधरा बेटं आणि बाकी सगळा समुद्र आणि खाड्या. तारमुगली, ग्रब, प्लूटो, मलाय, बोट, रेड स्किन, जॉली बॉय अशी नावं, बहुतेक ब्रिटिशांच्या काळातली. यांपैकी पर्यटकांना फक्त दोन बेटांवर जाता येतं आणि तीही आलटून पालटून. साधारण नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय, आणि मग पावसाचे सहा महिने जॉली बॉय बंद आणि रेड स्किन चालू. बेटावर राहायची सोय नाही, हॉटेल नाही, चहाची टपरी नाही, रोज किती माणसं न्यायची त्याचीही मर्यादा. दक्षिणेला ट्विन्स नावाची दोन बेटं आहेत तिथे समुद्री कासवं अंडी घालतात, तिकडे तर पर्यटकांना नेतच नाहीत.

बोट सुटली की पहिली वीस-पंचवीस मिनिटं खाडीतून जाते आणि दोन्ही बाजूंना तिवरांचं घनदाट जंगल. आपल्याकडे ठाण्याच्या, वाशीच्या खाडीवर कांदळवन बघितलेलं असतं, पण ते कडेला कचरा अडकलेलं, मागे टॉवर उभे असलेलं. इथे ओहोटी होती त्यामुळे कमानीसारखी मुळं पूर्ण उघडी पडलेली, पाणी हिरवंगार आणि गढूळ, आणि काठावर कुठे मगर दिसते का म्हणून बोटीतले सगळे एका बाजूला वाकलेले. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या भागात खरोखर आहेत, वंडूरच्या बीचवर तशा पाट्या लावल्यात, त्यामुळे तिथे मनाला येईल तिथे पाण्यात उतरायचं नसतं हे आधीच सांगून ठेवते. आम्हाला मगर दिसली नाही. भाच्याचं तोंड उतरलं, पण मग एक निळा चमकदार खंड्या बोटीला आडवा गेला आणि गडी परत खूश.

या तिवरांचं आणि पुढच्या कोरलचं नातं मला बोटीतल्या गाइडने सांगितलं. पावसाचा जो गाळ जमिनीवरून वाहून येतो तो ही मुळं धरून ठेवतात, म्हणून बाहेरचं पाणी स्वच्छ राहतं, आणि पाणी स्वच्छ असेल तरच तळापर्यंत ऊन पोचतं, आणि ऊन पोचलं तरच कोरल जगते. म्हणजे तिवरं तोडली की मैलभर लांबचं पोवळं मरणार. खाडीतून बाहेर पडल्यावर हे डोळ्यांनी दिसतंच, पाण्याचा रंग हिरव्यावरून निळा आणि मग असा काही काचेसारखा होतो की बोटीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसते.

जॉली बॉयला जेटी नाही. मोठी बोट लांबच थांबते आणि मग तुम्हाला काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत उतरवतात, ती किनाऱ्यापर्यंत नेते. जेटी बांधायची म्हणजे खांब ठोकायचे, आणि खांब ठोकायचे म्हणजे खालची कोरल फोडायची, म्हणून बांधलेली नाही. भरसमुद्रात हलणाऱ्या बोटीतून दुसऱ्या हलणाऱ्या बोटीत उतरायचं हे आईला जमेल का याची मला रात्रभर काळजी होती, पण तिथली पोरं दोन्ही बाजूंनी हात धरून असं अलगद उतरवतात की पूछो मत. "आंटी, बैठ के, आराम से," आणि आंटी बसल्या पण आरामात.

त्या काचेतून जे दिसलं तेच खरं सांगायचंय.

सुरुवातीला नुसती पांढरी वाळू. मग मोडक्या काटक्यांसारखा ढीग, करडा, शेवाळ चढलेला, आणि तो संपेचना. आई म्हणाली, हे काय, हे तर मेलेलं दिसतंय. बोटवाला म्हणाला, हां, ये सब मरा हुआ है, गरमी से. त्याने लपवलं नाही हे मला फार आवडलं, कारण जाहिरातीतले फोटो बघून आलेल्या माणसाला गाइड लोक सहसा हे दाखवत नाहीत, बोट पटकन पुढे काढतात. तो थांबला. मग पुढे गेलो आणि एक मोठा गोल गोळा आला, पिवळसर हिरवा, कमरेच्या वर येईल एवढा, त्याच्या अंगावर बारीक नक्षी, आणि त्याच्या आजूबाजूला निळे, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे मासे नुसते भिरभिरतायत. हे जिवंत. त्याच्याच बाजूला एक महाकाय शिंपला उघडा पडलेला, आतल्या ओठांचा रंग निळा-जांभळा, बोटीची सावली पडली तसा तो हळूच मिटला. भाचा ओरडला, "मावशी, त्याने आपल्याला बघितलं!" आणि त्यात खोटं काही नाही, त्या शिंपल्याच्या कडेला खरंच प्रकाश ओळखणारे शेकडो बारीक डोळे असतात.

परत आल्यावर मी याबद्दल खूप वाचत बसले. कोरल म्हणजे दगड नाही आणि झाडही नाही, ते बारीक बारीक प्राण्यांचं गाव आहे, प्रत्येक जीव स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो आणि असे हजारो एकत्र चिकटलेले असतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं, कोरलला खायला घालतं आणि रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशाने जास्त तापलं आणि ते काही आठवडे तसंच राहिलं की हे नातं तुटतं, कोरल त्या शैवालाला बाहेर टाकते, आणि मग खाली उरतो तो पांढरा सांगाडा. याला ब्लीचिंग म्हणतात. त्या अवस्थेत कोरल लगेच मेलेली नसते, उपाशी असते. पाणी वेळेत गार झालं तर शैवाल परत येतं, नाही झालं तर मरते आणि वर शेवाळ चढतं, तेच ते आम्ही बघितलेले करडे ढीग. अंदमानात १९९८ ला हे झालं, २०१० च्या एप्रिल-मेमध्ये फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ ला परत झालं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभरातल्या कोरलचं चौथं मोठं ब्लीचिंग चालू असल्याचं जाहीर केलं. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांची कोरल यात सगळ्यात आधी मरते. गोल गोळ्यासारखी असते ती जास्त तग धरते, पण ती वाढते फार हळू, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर.

हा आकडा वाचला आणि मी हिशोब करत बसले. आम्ही बघितलेला तो गोळा सव्वा मीटर धरला तरी सव्वाशेच्या आसपास वर्षं झाली. म्हणजे सेल्युलर जेलच्या विटा रचल्या जात होत्या, १८९६ ते १९०६, त्या सुमारास केव्हातरी त्याची सुरुवात झाली असणार. १९११ ला सावरकरांना बोटीतून इथे आणलं तेव्हा तो टेनिसच्या चेंडूएवढा असेल. बाहेर जे काही झालं, जपानी आले, गेले, स्वातंत्र्य मिळालं, फाळणीनंतर बंगालमधून विस्थापित लोक इथे येऊन वसले, त्सुनामी आली, ते सगळं होत असताना हा जीव दर वर्षी एक सेंटिमीटर चढवत बसला. आणि मग एखादा माणूस लाइफ जॅकेट घालून, फोटोसाठी, त्याच्यावर उभा राहतो. बेटावर स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यात तरंगत खालचं बघायला, उतरायच्या आधी आमच्या गाइडने एकच सूचना तीनदा दिली, "खड़ा मत होना. डर लगे तो मुझे पकड़ो, नीचे पैर मत रखो." मला वाटतं जगातल्या प्रत्येक बीचवर ही पाटी लावायला हवी.

स्नॉर्कलिंग मी केलं, भाच्याने पण केलं, पोहता येत नसलं तरी चालतं कारण गाइड रिंगला धरून ओढत नेतो. तोंडाने श्वास घ्यायची सवय व्हायला पाच-सात मिनिटं जातात आणि मग कानात फक्त स्वतःचा श्वास आणि दुसरा एक बारीक कुडकुड आवाज येत राहतो. तो आवाज पोपटमाशांचा असू शकतो, ते चोचीसारख्या दातांनी मेलेली कोरल खरवडतात, तिच्यावरचं शेवाळ खातात, आणि चुना बारीक होऊन त्यांच्या पोटातून वाळू बनून बाहेर पडतो. आपण ज्या पांढऱ्या मऊ वाळूवर लोळतो तिच्यातला मोठा वाटा असाच तयार होतो. भाच्याला हे सांगितल्यावर तो दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटला. एका समुद्रफुलाच्या मिशांमध्ये ते केशरी-पांढरे पट्ट्यांचे मासेही दिसले, आत जायचे, बाहेर डोकवायचे, आमचा हात जवळ आला की अंगावर धावून यायचे, एवढासा जीव पण घर सोडायला तयार नाही. मला पाण्यातच रडू आलं, का ते नीट सांगता येणार नाही. करड्या ढिगाऱ्याच्या मधोमध एक छोटी फांदी होती, निळसर, टोकं पांढरी, नवीन फुटलेली. गाइडने तिच्याकडे बोट दाखवून अंगठा वर केला. म्हणजे परत येतंय काहीतरी. पण सावरायला जेवढा वेळ लागतो तेवढा दोन कडक उन्हाळ्यांच्या मध्ये त्याला मिळायला हवा ना.

आई तोपर्यंत झाडाखाली बसली होती. किनारा लांबीला फार नाही, अर्ध्या तासात आरामात फिरून होतो, झाडं पार पाण्यापर्यंत आलेली त्यामुळे सावली भरपूर. तिच्याबरोबर आंध्रच्या एक आजी होत्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण डबे उघडले होते आणि आमच्या पराठ्यांची आणि त्यांच्या चिंचेच्या भाताची अदलाबदल झालेली होती. भाच्याने खिशात शंख भरायला घेतले तर त्यातला एक चालायला लागला. त्या किनाऱ्यावर शंखात राहणारे खेकडे ढिगाने आहेत, त्यांना स्वतःचं कवच पुरत नाही, रिकामा शंख मिळाला तर त्यात घुसतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात. आईने त्याला एवढंच विचारलं, "तू सगळे शंख नेलेस तर हे राहणार कुठे रे?" त्याने खिसा रिकामा केला. तसंही तिथून शंख, कोरलचा तुकडा, काहीच आणायला परवानगी नाही, कोरल तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, मेलेला तुकडा खिशात सापडला तरी गुन्हा.

मला सारखी मालवणची आठवण येत होती. आपल्याकडे पण समुद्री अभयारण्य आहे हे किती जणांना माहिती आहे, मालवण, १९८७ ला जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचाच समुद्र. तिथे कोरल आहे, मी स्वतः मास्क लावून बघितलीय. पण तिथे मी एकामागून एक बोटींचे नांगर थेट खडकावर पडताना बघितलेत, मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकताना बघितलंय, आणि पाण्याखालच्या खडकावर उभं राहून ग्रुप फोटो काढणारी माणसं पण बघितलीत. त्यांना कुणी सांगितलंच नाही की खाली जिवंत आहे. जॉली बॉयवर माणसं राहत नाहीत म्हणून तिथे बंद करणं सोपं, मालवणात पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारी घरं आहेत, त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, त्यांना न विचारता वरून नियम लादले तर ते का ऐकतील, हे मला पूर्ण मान्य आहे. पण नांगराऐवजी बोटी अडकवायला कायमचे बांधलेले तरंगते बोये, एका वेळी ठरावीकच बोटी, पाव टाकायला बंदी, आणि पावसाळा सोडून अजून एखादा महिना त्या खडकांना आराम, एवढं तर तिथल्याच बोटवाल्यांना बरोबर घेऊन करता येईल. ती पोरं इतकी हुशार आहेत, पाण्याखालचा दगडन् दगड त्यांना माहिती असतो, त्यांना गाइड म्हणून चांगले पैसे मिळाले तर कोरल जपायला त्यांच्याइतकं चांगलं कोण असणार. वंडूरला आमचा गाइड असाच तिथलाच मुलगा होता, आणि तीनदा सांगूनही एक माणूस उभा राहिला तेव्हा त्याने त्याला सरळ पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावर बसवलं, पैसे परत देतो म्हणाला पण परत उतरू दिलं नाही.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. परमिट आदल्या दिवशीच काढून ठेवा, ओळखपत्र लागतं, हॉटेलवाले किंवा गाडीवाले मदत करतात. बोटी सकाळी सुटतात, नऊच्या आत जेटीवर पोचा. खायचं स्टीलच्या डब्यात, पाणी स्टीलच्या बाटलीत न्या म्हणजे चेकिंगला वेळ जात नाही. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घाला, काही सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं कोरलला घातक म्हणून हवाईमध्ये २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे, आपल्याकडे तशी बंदी नसली तरी आपण टाळू शकतो. वाळूत कोरलचे तुकडे टोचतात, पायात घट्ट बसणाऱ्या रबरी चपला हव्यात. शक्यतो डिसेंबर ते मार्चमध्ये जा, समुद्र शांत असतो आणि पाणी जास्त स्वच्छ. घरातल्या वयस्कर माणसांना "तुम्हाला झेपणार नाही" म्हणून हॉटेलवर ठेवून जाऊ नका, गुडघे दुखत असतील तर बोटवाल्याला आधीच सांगा, ते शेवटच्या फेरीत निवांत उतरवतात, आणि काचेच्या बोटीत मधल्या बाकावर बसायला मागा, तिथून सगळ्यात छान दिसतं. आणि सोमवार सोडून जा.